निव्वळ शून्य ऊर्जेचं घर: आधी भिंती की आधी पॅनेल?

उंबरठा (धागाकर्ता)

वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरली तेवढी स्वतःच्याच छतावर किंवा आवारात तयार करणारं घर म्हणजे निव्वळ शून्य ऊर्जेचं घर. इथवर कुणाचं दुमत नसावं. भांडण आहे ते तिथे पोचायच्या वाटेबद्दल.

सध्या सर्रास दिसतं ते असं. घराला हात लावायचा नाही. पश्चिमेची भलीमोठी काच तशीच, दुपारी हात टेकवू देत नाही असं छत तसंच, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी तशाच. वर छतभर सोलर पॅनेल अंथरायची. वर्षाअखेरीस वजाबाकी शून्य आली की घर ‘नेट झिरो’ झालं, काढा फोटो.

मला हे उलटं वाटतं. आधी घराची गरज उतरवा. सावली, छत, फटी, मग पंखे-एसी-हीटर-गीझर यांसारखी यंत्रं. एवढं करून जी काही गरज उरेल तिच्या मापाची पॅनेल शेवटी.

याला इतिहासाचा आधार आहे. १९७७ साली कॅनडातल्या रेजायना शहरात ‘सस्कॅचेवान कन्झर्व्हेशन हाउस’ बांधलं गेलं. हिवाळ्यात पारा उणे तिशीच्या खाली जाणारा हा मुलूख. हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घर तापवायची भट्टी बसवलीच नाही. भिंती जवळपास ३० सेंटिमीटर जाड, आणि ती जाडी बहुतेक सगळी इन्सुलेशनची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराची. घर जवळजवळ हवाबंद, आणि बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं एक यंत्र. सोबत सूर्यावर चालणारी उष्णतेची यंत्रणाही होती. ती महाग पडली, तिची देखभाल जमेना, आणि पुढे ती काढून टाकली गेली. भिंतींनी आपलं काम चालू ठेवलं.

याच धड्यावर पुढे जर्मनीत डार्मस्टाटला १९९१ मध्ये वोल्फगांग फाइस्ट यांनी पहिलं ‘पॅसिव्हहाउस’ उभं केलं. त्याचा निकष असा की घर उबदार ठेवायला चौरस मीटरमागे वर्षाला १५ युनिटपेक्षा जास्त उष्णता लागता कामा नये. म्हणजे १०० चौरस मीटरच्या घराला १,५०० युनिट. हीट पंप (बाहेरची ऊब खेचून आत आणणारं यंत्र) वापरला तर एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते, तेव्हा वीज लागली ५०० युनिट. तिथल्या जुन्या, इन्सुलेशन नसलेल्या घरांना याच्या दहापट आणि वरही लागते. तेवढं सगळं पॅनेलने भरून काढायचं तर छत आणायचं कुठून?

---

निखळ_गणित

असहमत. आणि रेजायनाचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं.

१९७७ मध्ये जे निकामी ठरलं ते नळ्या, टाक्या आणि पंप यांचं जंजाळ होतं. आजच्या पॅनेलमध्ये हलणारा एकही भाग नाही. बसवलं की २५ वर्षं बघायला नको, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) तेवढा मधे एकदा बदलावा लागतो. २०१० नंतरच्या दशकात पॅनेलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी घसरल्या. भिंतीला इन्सुलेशन लावणाऱ्या कारागिराची मजुरी कधी घसरली आहे का? घसरू नयेही.

आता भिंतीचं गणित बघा. भिंतीतून गळणारी उष्णता इन्सुलेशनच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. ५ सेंटिमीटरला १०० उष्णता गळते असं धरा. १० केलेत, ५० वर आली. झकास. २० केलेत, २५. आणि २० चे २५ केलेत तर? २५ ची २० झाली. पहिल्या वाढीव ५ सेंटिमीटरने ५० वाचवले, शेवटच्या ५ ने फक्त ५. साहित्य तेवढंच, मेहनत तेवढीच. कुठेतरी असा टप्पा येतो की पुढचा पैसा भिंतीत घालण्यापेक्षा छतावर घातला तर जास्त फळतो. पॅनेल जितकी स्वस्त होतात तितका तो टप्पा अलीकडे सरकतो. तुमचा क्रम पॅनेल महाग होती तेव्हाचा आहे.

आणि माणसं त्या घरात राहत असतात हो! फर्निचर हलवा, गिलावा फोडा, आठवडेच्या आठवडे धूळ खा. त्याऐवजी दोन दिवसांत छतावर काम आटोपतं आणि खाली कुणाच्या चहाचा कपही हलत नाही.

---

तारेवरची_कसरत

मी वीजवितरणात काम करते, त्यामुळे माझी तक्रार दोघांच्याही हिशोबाच्या मुदतीबद्दल आहे. वर्षाचा हिशोब! वर्षभराचा पगार आणि वर्षभराचा खर्च सारखा आहे म्हणून महिनाअखेरीला खिशात पैसे असतातच असं नाही. तार मात्र दर क्षणाचा हिशोब मागते.

कॅलिफोर्नियाने हे अनुभवलं आहे. २०२० पर्यंत सगळी नवी घरं निव्वळ शून्य व्हावीत असा त्यांचा २००८ चा आराखडा होता. २०२० पासून बहुतेक नव्या घरांना सोलर सक्तीचं झालंही. पण दरम्यान २०१३ मध्ये तिथल्या ग्रिडचालक संस्थेने, म्हणजे विजेचं जाळं सांभाळणाऱ्यांनी, तो प्रसिद्ध ‘बदकाचा आलेख’ मांडला होता. दुपारी सोलरमुळे ग्रिडवरची मागणी खोल बसते, आणि सूर्य मावळताना दोन-तीन तासांत ती भराभर वर चढते, बदकाच्या मानेसारखी. ती चढण चढायला तयार ठेवलेली केंद्रं बहुतेक गॅसची. शेवटी राज्याने वार्षिक शून्याचा आग्रह मागे ठेवला, आणि एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांनी ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला बराच कमी केला. नेदरलँड्समध्येही दिलेली आणि घेतलेली वीज एकास एक वजा करायची सवलत २०२७ च्या सुरुवातीला संपते आहे.

निखळ_गणित, तुमच्या गणितात ग्रिडला दिलेलं प्रत्येक युनिट परत घेतलेल्या युनिटाच्या मोलाचं धरलेलं आहे. ते गृहीतक गेलं की तुमचा तो टप्पा पुन्हा पलीकडे सरकतो.

थंड देशांत तर आणखी पंचाईत. मध्य युरोपात पॅनेल डिसेंबरमध्ये जूनच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी वीज देतं, आणि हीट पंपाला सगळ्यात जास्त वीज नेमकी त्याच महिन्यात हवी असते. बॅटरी दुपारची वीज रात्री वापरू देते. जूनची वीज डिसेंबरात वापरू देणारी बॅटरी घरात मावणार नाही.

---

निखळ_गणित

थंड देशांचं मान्य. उष्ण प्रदेशात ऊन आणि एसी बरोबरच चालतात, तिथे ही अडचण कुठे आली?

---

तारेवरची_कसरत

दुपारी कार्यालयांत. घरांत एसी रात्री चालतो. दिवसभर तापलेलं छत संध्याकाळी सातनंतर ती उष्णता खोलीत सोडायला लागतं, आणि तेव्हा तुमचं पॅनेल झोपलेलं असतं.

---

ओलसर_भिंत

मी जुन्या घरांची ऊर्जा-तपासणी करतो. धाग्यात भिंती आणि पॅनेल यांचीच झुंज लागलेली दिसते. हवा कुणाच्या खिजगणतीत नाही.

फटी शोधायच्या तर पुढच्या दाराच्या चौकटीत कापडाचा पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवतात. घरातली हवा बाहेर ओढायची आणि आतबाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक धरून ठेवायचा. मग धुराची बारीक नळी हातात घेऊन घरभर हिंडायचं. घरमालक खिडकीपाशी उभे असतात, कारण त्यांची खात्री असते की हवा तिथूनच येते. धूर हलतो तो भलतीकडे. स्विचबोर्डच्या भोकापाशी एकदम फिसकटतो. पोटमाळ्याच्या झाकणाभोवती. सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे, मागे कुणीच गिलावा केलेला नसतो. बंद एग्झॉस्ट पंख्याच्या पात्यांमधून. पॅसिव्हहाउसला या चाचणीत तासाला घरातली ०.६ पट हवा बदललेली चालते. जुन्या घरांत दहा-पंधरा पट बदलताना पाहिली आहे. या फटी बुजवायला सीलंट, फोम आणि एक शनिवार-रविवार पुरतो, त्यासाठी गिलावा फोडावा लागत नाही. निखळ_गणितांनी ‘इन्सुलेशन’ म्हणून जे महाग काम बाजूला काढलं त्यात हे मोडत नाही.

पण उंबरठा, तुमच्या क्रमातही एक खड्डा आहे. नेहमी दिसणारं एक दृश्य सांगतो. मोठ्या हौसेने सगळ्या खिडक्या बदलल्या. दुहेरी काच, रबराच्या पट्ट्या, आवाज बंद, वारा बंद. दुसऱ्या हिवाळ्यात उत्तरेच्या कोपऱ्यातलं कपाट ओढलं तर मागे बुरशीची काळी नक्षी. माणसांचा श्वास, आंघोळीची वाफ, आत वाळत घातलेले कपडे, यांची दमट हवा आधी फटींतून निघून जायची. आता तिला वाट नाही. मग ती घरातला सगळ्यात थंड पृष्ठभाग गाठते आणि तिथे पाणी होऊन बसते. म्हणजे फटी बुजवल्या त्याच दिवशी वायुवीजनाची सोय व्हायला हवी. ‘करू नंतर’ म्हणणाऱ्यांची घरं मला पुन्हा बघावी लागतात.

दमट-उष्ण प्रदेशात खेळ उलटा होतो. तिथे ओल बाहेरून आत येते आणि एसीने गार झालेली आतली बाजू तिला सापडते. थंड देशाची पुस्तकं वाचून आतल्या अंगाला प्लास्टिकचा कागद लावला तर त्याच्या मागे पाणी साचतं. भिंत वरून कोरडी दिसते, आतून कुजते.

---

छत्तीसावा_मजला

सगळी चर्चा बंगलेवाल्यांची चालली आहे. आम्ही इमारतीत राहणारे लोक या शून्यात कुठे बसतो ते सांगा.

सरळ हिशोब करतो. वीस मजले, मजल्यावर चार घरं, एकूण ८०. गच्ची समजा ४०० चौरस मीटर. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, त्यांच्या सावल्या आणि वावरायची जागा सोडून निम्मी हाती लागते. एक किलोवॉटला साधारण ५ चौरस मीटर लागतात, म्हणजे ४० किलोवॉट. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात एक किलोवॉट वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास देतो. एकूण ५६,००० युनिट. घरटी ७००. म्हणजे दिवसाला दोन युनिटांपेक्षाही कमी. त्यातूनच लिफ्ट आणि पंपही चालवायचे आहेत.

तेव्हा ‘शून्य घर’ हा बैठ्या, सुट्या घरांचा मान आहे. अशी घरं शहराबाहेर पसरतात आणि त्यांतली माणसं रोज तासभर गाडी चालवतात. त्या इंधनाचा हिशोब घराच्या मीटरवर चढत नाही, म्हणून शून्य इतकं देखणं दिसतं. माझ्या घराला दोन्ही बाजूंनी आणि वरखाली शेजारी आहेत, उघडी भिंत एकच. मुळातच मी कमी वापरतो, पण मला शून्याची पाटी कधीच मिळणार नाही.

---

उंबरठा

छत्तीसावा_मजला, तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही आणि खोडायचाही नाही. मोजमाप एकेका घराऐवजी वस्तीचं करावं या मताचा मीही आहे. पण तुमच्याच आकड्यांवरून माझं म्हणणं अधिक पक्कं होतं. दिवसाला दोन युनिट एवढंच उत्पन्न असेल तर गरज उतरवण्याला दुसरा पर्यायच नाही.

आणि गरज उतरते हो. साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या जातीच्या) मोटरचा ३० च्या आसपास. वाऱ्याचा झोत अंगावर असला की एसी दोन-तीन अंश वर ठेवूनही तितकंच बरं वाटतं. पश्चिमेच्या खिडकीचं तर विचारू नका. संध्याकाळचं ऊन इतकं तिरपं येतं की वरचा छज्जा त्याला अडवूच शकत नाही. बहुतेक लोक आतून जाड पडदा लावतात. पण ऊन काचेतून आत शिरलं की उष्णता घरात आलीच, पडदा स्वतः तापतो आणि ती खोलीत सोडतो. अडवायचं तर काचेच्या बाहेर. उभ्या सरकत्या पट्ट्या, बाहेरची चीक, जाळी, वेल, काहीही. सोसायटीचे नियम आडवे येतात हे ठाऊक आहे, पण तो भौतिकशास्त्राचा दोष नाही.

छतावर तर साधा पांढरा परावर्तक रंग पुरतो. काळपट छत पडलेल्या उन्हापैकी ८०-९० टक्के पिऊन टाकतं, स्वच्छ पांढरं छत पाव हिस्साही नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने एकदा करून बघावं.

---

जुनी_वीट

उत्सुकतेने वाचते आहे. एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते आहे असं वाटतं. घर बांधतानाच जी ऊर्जा खर्ची पडली तिचं काय? जुनं पाडून त्या जागी चकचकीत ‘शून्य’ घर उभं करायचं, तर सिमेंट, पोलाद आणि काच यांच्यामागचा धूर आधीच आकाशात गेलेला असतो. काही फोम तर विचित्रच आहेत. एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन हा इन्सुलेशनचा फोम फुगवायला पूर्वीपासून वापरल्या जाणाऱ्या काही वायूंचा तापमानवाढीतला वाटा कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे. उबेसाठी लावलेल्या थराने आधी तेच कर्ज फेडायचं.

म्हणून माझं मत पाडापाडीच्या विरोधात आणि डागडुजीच्या बाजूने. नेदरलँड्सचा ‘एनर्जीस्प्रोंग’ बघा. साधारण २०१० पासून तिथल्या भाड्याच्या चाळवजा घरांवर हा प्रयोग झाला. घराची मापं लेसरने घेतात, बाहेरून लावायच्या भिंती खिडक्या-दारांसकट कारखान्यात तयार करतात, आणून जुन्या भिंतीवर चढवतात. पॅनेल बसवलेलं नवं छत वर, हीट पंप आणि वायुवीजनाची यंत्रणा एका खोक्यात. घरातली माणसं घरातच राहतात, काम आठवड्या-दोन आठवड्यांत उरकतं. आधी भिंती की आधी पॅनेल हा प्रश्नच उरत नाही, दोन्ही एकाच क्रेनने येतात.

---

भाडेकरू_कायमचा

आणि पैसे कोण देतं? घर मालकाचं, बिल माझं. त्याला भिंती जाड करायची गरज वाटत नाही आणि मला परवानगी नाही. या कोंडीवर कुणी बोलेल काय?

---

जुनी_वीट

नेदरलँड्समध्ये त्यावरच तोडगा काढला होता. ऊर्जेच्या बिलात वाचतं त्याच्याच बदल्यात भाडेकरू मालकसंस्थेला ठरावीक शुल्क देतो, आणि घर ठरल्याइतकं कमी वापरेल याची हमी बांधकाम करणाऱ्याने घ्यायची. २०१६ मध्ये तसा कायदाही झाला. भाडेकरूचा एकूण खर्च वाढत नाही.

---

ओलसर_भिंत

मॉडेल सुरेख आहे, फक्त ते का चाललं हेही सांगायला हवं. युद्धानंतरची हजारो घरं, सगळी एकाच साच्यातली, आणि मालक एक मोठी संस्था. कारखान्याला एवढं मिळालं की तो पळतो. जिथे शेजारशेजारची दोन घरंही सारखी नाहीत, प्रत्येकाने आपापला बाल्कनीचा भाग आत घेतलाय, तिथे लेसरने मापं घेऊन घेऊन माणूस थकेल.

---

निखळ_गणित

बघा, म्हणजे फिरून तिथेच. वेगवेगळ्या आकाराच्या लाखो घरांवर झपाट्याने करता येण्याजोगं काम कोणतं? पॅनेल. फटी बुजवायच्या, पांढरा रंग, पंखे, बाहेरची चीक, हे सगळं मी विरोधात धरतच नाही, ते स्वस्त आहे. माझा विरोध आहे तो भिंतींच्या सोवळ्याला. ‘पॅसिव्हहाउस झाल्याशिवाय पॅनेलला शिवू नका’ म्हणणाऱ्यांमुळे लोक दोन्हीही करत नाहीत.

---

नवखा_११

मध्येच विचारतो, माफ करा. माझं छत गळतं, पुढच्या वर्षी वॉटरप्रूफिंग करायचंय. पॅनेलवाला म्हणतो आत्ताच बसवून टाका. काय करू?

---

ओलसर_भिंत

थांबा. पॅनेल २५ वर्षं हलणार नाहीत. त्यांच्या खाली गळकं छत ठेवलंत तर पुढच्या पावसानंतर सगळं सोडवून, उतरवून, पुन्हा चढवावं लागेल. वॉटरप्रूफिंगचा थर उघडायचाच आहे तर त्याच वेळी छताच्या वरून इन्सुलेशन घाला. वेगळी मजुरी जवळपास पडत नाही, आणि खालच्या स्लॅबला रोजचं तापणं-निवणं सोसावं लागत नाही, त्यामुळे तडेही कमी जातात. पॅनेलच्या पायांची जागा तेव्हाच ठरवून घ्या, म्हणजे नव्या थराला नंतर भोकं पाडावी लागणार नाहीत. उंच टाकीची सावली कुठवर येते ते सकाळी आणि दुपारी चारच्या सुमाराला एकदा बघून ठेवा. सलग जोडलेल्या ओळीतल्या एका पॅनेलवर सावली पडली तरी ओळीचं उत्पादन मार खातं.

---

निखळ_गणित

छताबद्दल वाद नाही, हा क्रम बरोबर आहे. पण नवखा_११, त्या भरात भिंतींच्या मागे लागू नका. गिलावा पडायला आला असेल तर गोष्ट निराळी.

---

उंबरठा

पश्चिमेची भिंत सोडून. नवखा_११, तुमची पश्चिमेची भिंत उघडी आहे की शेजारच्या इमारतीच्या सावलीत? ते सांगा, मग पुढे बोलू.